फुकटचं विमान

हॉटेलात बिल आलं की माणसाचा हात खिशाकडे जातो, पण जरा रमतगमत जातो. कोणी हात धुवायला उठतं, कोणाला नेमका त्याच वेळी फोन येतो. पॉइंटशेठचं सगळंच उलटं. बिल टेबलावर टेकायच्या आत त्यांनी झडप घालून ते उचललेलं असायचं. "थांबा, थांबा! कोणी पाकीट काढायचं नाही. मी भरतो." नवखा माणूस अगदी गहिवरून जायचा. मग शेठ कार्डानं बिल भरायचे आणि शांतपणे टेबलाभोवती फिरून प्रत्येकाकडून त्याच्या वाटणीचे रोख पैसे गोळा करायचे, सुट्ट्यांसकट. पॉइंट मात्र सगळ्यांच्या जेवणाचे मिळून त्यांच्या एकट्याच्या खात्यात जमा.

मुळात ते शेठबिठ कोणी नव्हते. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात पगारावर होते आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकांची नजर तपासायचे. उंच खुर्ची, समोर उजळलेला अक्षरांचा तक्ता, गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड लोखंडी फ्रेम आणि एकामागून एक भिंग बदलत शेठ विचारताहेत, "हे बरं की आधीचं?" कितीही किरकिरं गिऱ्हाईक असो, शेठचा आवाज चढायचा नाही. शेठ ही पदवी बाजारानं त्यांना थट्टेनं दिली होती, आणि त्यांनी ती मनापासून घेतली होती.

या वेडाची सुरुवात मात्र थट्टेत झाली नव्हती. बँकेतल्या एका मुलीनं फोन करकरून त्यांच्या गळ्यात क्रेडिट कार्ड मारलं होतं आणि ते सहा महिने कपाटात रुमालांखाली पडून होतं. एका दुपारी बायकोच्या पोटात असं दुखू लागलं की ती भिंत धरून खाली बसली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ताबडतोब ऑपरेशन. काउंटरवरचा माणूस म्हणाला, आधी डिपॉझिट. बँकांना सुट्टी, मालक परगावी आणि घरातली सगळी रोकड मिळून डिपॉझिटचा पाव हिस्साही होईना. शेठ घरी धावले, रुमाल उपसले, कार्ड आणलं. मशीन टुक् करून वाजलं आणि बायकोचं स्ट्रेचर आत गेलं.

हे खरं आहे, आणि ते कोणी नाकारू नये. त्या दिवशी कार्ड नसतं तर शेठनी कोणाकोणाच्या दारात हात पसरले असते आणि तोवर आत काय झालं असतं, याचा विचार आजही करवत नाही. पुढे बिल आल्यावर त्यांनी सगळी रक्कम मुदतीच्या आत भरली. एक दमडी व्याज गेलं नाही. तेवढ्यावर कार्ड परत रुमालांखाली गेलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि सगळे सुखी झाले असते. पण बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की या खर्चाबद्दल तुम्हाला अमुक इतके पॉइंट मिळाले आहेत. बारीक अक्षरं वाचणं हा तर शेठचा धंदाच. त्यांनी ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, आणि शेजारी चित्र होतं विमानाचं.

"अगं, विमान!" ते बायकोला म्हणाले. "पॉइंट साठवले की तिकीट फुकट. दोघांचं! ताईंकडे जाऊ."

ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनंच या धाकटीची वेणीफणी केली, तिला शाळेत घातलं, तिच्या लग्नात आईच्या जागी उभी राहिली. आता ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाला राहायची. रेल्वेनं दोन रात्री लागायच्या, आणि बायकोच्या गुडघ्यांनी त्या प्रवासाला केव्हाच नकार दिला होता. दर रविवारी फोन व्हायचा, तेवढाच आधार. विमानाचं नाव ऐकून बायको हसली, तशी टाक्यांतून कळ गेली, तरी ती हसत राहिली.

शेठनी लगेच फोन लावला. "ताई, तुमच्या धाकटीला विमानानं घेऊन येतो. पॉइंट जमवतोय."

"ते काय असतं हो?" ताईंनी विचारलं.

शेठनी समजावून सांगितलं. फोन धरून कान गरम होईपर्यंत समजावलं. ताईंना कितपत कळलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या आळीत ज्याला त्याला बातमी लागली, की बहीण येणार आहे, विमानानं, आणि तेही तिच्या मिस्टरांच्या हुशारीनं. पुढे दर रविवारी ताईंचा ठरलेला प्रश्न असायचा, "पॉइंट किती झाले?" आणि शेठ मागून ओरडायचे, "थोडेच राहिलेत म्हणावं!"

आता पॉइंट काही झाडाला लागत नाहीत, त्यासाठी खर्च करावा लागतो. शेठचा पगार बेताचा, त्यामुळे त्यांनी दुसऱ्यांचे खर्च करायला घेतले. शेजाऱ्याला टायर घ्यायचे? शेठ दुकानात हजर. कोणाच्या मुलीची कॉलेजची फी? शेठ रांगेत उभे. "तुम्ही मला रोख द्या, मी कार्ड देतो, तुमचं काय जातंय?" लोकांचं खरंच काही जात नव्हतं. एकदा एका ओळखीच्या घरी दुःखद प्रसंग घडला तेव्हा शेठ सांत्वनाला गेले, डोळे पुसले, आणि निघताना हळूच विचारून आले, की शववाहिनीवाला कार्ड घेतो का. बायकोला हे कळलं तेव्हा ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

कार्डाची वार्षिक फी माफ व्हायला वर्षभरात ठरावीक खर्च व्हावा लागायचा. एका वर्षी मुदत संपायला दोन दिवस उरले आणि खर्च जरासा कमी पडला. शेठनी बाजार पालथा घातला आणि नेमक्या त्या किमतीची ॲल्युमिनियमची घडीची शिडी उचलून आणली. दोन खोल्यांच्या घरात शिडी! बायकोनं विचारलं, "चढायचं कुठं?"

"कुठं चढायचं ते बघू पुढे. फी वाचली ना?"

"शिडीची किंमत फीपेक्षा जास्त आहे."

"पण फी म्हणजे पाण्यात गेली असती. शिडी घरात आहे." या हिशेबापुढे बायकोनं हात टेकले. शिडी दाराआड उभी राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या कोपराला लागत राहिली.

नात्यात कार्डाचा दुसरा एक भक्त होता, बायकोचा धाकटा भाऊ. त्याचा पंथ वेगळा. त्याला कार्ड मिळालं तेव्हा वाटलं, पगार वाढला. त्यानं भिंतीएवढा टीव्ही आणला, मग तो ठेवायला टेबल आणलं, मग बसून बसून पोट सुटलं म्हणून पळायचं यंत्र आणलं, ज्यावर तिसऱ्या दिवसापासून ओले टॉवेल वाळू लागले. बिल आलं की तो त्यातली सगळ्यात लहान रक्कम शोधायचा. 'किमान देय' असं लिहिलेलं असायचं, तेवढीच भरायचा आणि बिल फिटलं म्हणून खुशीत झोपायचा. सकाळी उठेपर्यंत व्याज उठलेलं असायचं. वसुलीवाल्यांचे फोन यायला लागले तेव्हा तो फोन उशीखाली ठेवून गाणी ऐकायला लागला.

शेठ त्याला समोर बसवून झापायचे. "अरे, अक्कल गहाण टाकलीस का? तुझ्यासारखे भोळे व्याज भरतात, त्या जिवावर बँक आमच्यासारख्या शहाण्यांना पॉइंट वाटते!"

मेहुणा क्षणभर विचारात पडला. मग म्हणाला, "म्हणजे भाऊजी, तुमच्या विमानाचे पैसे मीच भरतोय की. मग मलाही न्या ताईकडे."

शेठनी विषय टॉवेलांवर नेला.

तरी एवढे कष्ट घेऊनही तिकीट होईना, याचं कारण पुन्हा त्या बारीक अक्षरातच होतं. पॉइंट दोन वर्षांत शिळे व्हायचे. दर महिन्याच्या शेवटी बँक जुने पॉइंट झटकून टाकायची. वरून नळ चालू आणि टाकीला खालून भोक, अशी ती तऱ्हा. शेठ जोर लावून नळ आणखी सोडायचे. दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवून ते मोबाइलवर टाकीची पातळी बघायचे.

असं करता करता वर्षं गेली. रविवारचे फोन चालूच होते, पण ताईंचं बोलणं जरा घसरायला लागलं होतं. आधी त्या एकच गोष्ट दोनदा सांगायच्या. मग गॅस चालू ठेवून बाहेर गेल्या. मग शेजारणीला तिच्याच घराचा पत्ता विचारला. ताईंच्या सुनेनं एकदा फोन घेऊन स्पष्टच सांगितलं, "मावशी, तुम्ही या. डॉक्टर म्हणतात, हे आता वाढतच जाणार. अजून तुमचं नाव काढतात रोज. नंतर आल्यात तर कोण जाणे."

बायकोनं फोन ठेवला आणि शेठसमोर येऊन बसली. "आपण साधं तिकीट काढू या का? बँकेत पैसे आहेत आपले."

पैसे होते. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवायला हवी. शेठ कर्जबाजारी नव्हते, व्यसनी नव्हते, दोन तिकिटं काढून वर महिना सहज निघाला असता.

"पैसे देऊन विमानात कोणीही बसतं," शेठ म्हणाले. "एवढी वर्षं साठवले ते काय उगाच? आणि थोडेच राहिलेत गं. आता थांबलो नाही तर सगळं मुसळ केरात."

बायकोनं त्यांच्याकडे बघितलं आणि ती भांडी घासायला गेली. भांडी नेहमीपेक्षा जोरात वाजली, पण शेठचं लक्ष मोबाइलमध्ये होतं.

आणि मग फेब्रुवारीत खरोखरच तो दिवस उजाडला. दुकानमालकांनी काचा घासायचं नवं यंत्र घेतलं आणि शेठनी गयावया करून ते आपल्या कार्डावर घ्यायला लावलं. टाकी भरली! शेठ दुकानात उड्या मारायचेच बाकी होते. घरी येऊन त्यांनी बायकोला शेजारी बसवलं, तिकिटांचं पान उघडलं, तारीख घातली. पान म्हणालं, या तारखेला पॉइंटवरची जागा नाही. पुढची घातली. नाही. मार्च, एप्रिल, मे, सगळीकडे तेच. बँकेच्या माणसानं फोनवर अतिशय गोड आवाजात सांगितलं, की फुकट जागा प्रत्येक विमानात दोनचारच असतात. जागा मिळाली ती थेट ऑक्टोबरमधली.

शेठनी ती पकडली. "दोघांची मिळाली! एक दमडी नाही!"

"ऑक्टोबर?" बायको म्हणाली.

"एवढी वर्षं थांबलो, आठ महिने काय असे जातील." त्यांनी चुटकी वाजवून दाखवली.

त्याच रविवारी बायकोनं बातमी द्यायला फोन लावला. शेठ शेजारीच बसले होते, मागून ओरडायच्या तयारीत. पलीकडून ताईंचा आवाज आला, स्वच्छ, नेहमीचाच. "कोण बोलतंय?"

"ताई, मी."

"मी कोण?"

बायकोनं आपलं नाव सांगितलं, लहानपणीचं लाडाचं नावही सांगितलं. पलीकडे ताई कोणाला तरी म्हणाल्या, "बघ गं, कोणीतरी बाई आहे," आणि फोन सुनेच्या हातात गेला. बायकोनं पुढचं फार ऐकलं नाही. त्या रात्री ती जेवली नाही, आणि शेठनी एकट्यानं जेवताना दोनदा म्हटलं, की म्हाताऱ्या माणसांचं असं होतं कधीकधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात एक शाळामास्तर खुर्चीत बसले होते. शेठनी त्यांच्या एका डोळ्यावर काळं झाकण लावलं, आणि खिशात मोबाइल वाजला. संदेश होता. त्यांच्या पुरवणी कार्डावर, म्हणजे भाजीकिराण्याचेही पॉइंट सुटू नयेत म्हणून त्यांनी बायकोला दिलेल्या कार्डावर, मोठा खर्च झाला होता. बाजारातल्या तिकीट काढून देणाऱ्या कचेरीत. विमानाचं एक तिकीट, पूर्ण किमतीत.

शेठच्या मनात पहिला विचार काय आला, ते लपवण्यात अर्थ नाही. प्रवासाच्या खर्चावर तिप्पट पॉइंट मिळतात, हा आला. संदेशाच्या शेवटी बँकेनंही तेच लिहिलं होतं, अभिनंदनासह. दुसरा विचार यायला जरा वेळ लागला. आपल्या बायकोला आपल्याला विचारावंसंही वाटलं नाही, आणि विचारलं असतं तर आपण काय उत्तर दिलं असतं हे तिला पाठ होतं.

"अहो," मास्तर म्हणाले, "मला काहीच दिसत नाहीये." शेठनी विचारांच्या नादात दुसऱ्या डोळ्यावरही झाकण लावलं होतं.

ते तसेच घरी आले. दाराआडची शिडी जागेवर नव्हती. ती आत माळ्याला लावलेली होती, पहिल्यांदाच उघडलेली, आणि बायको तिच्यावरून खाली उतरत होती, दुखरे गुडघे एकेक करून सांभाळत, हातात जुनी बॅग. शेठ पुढे झाले आणि त्यांनी बॅग धरली.

"कधी निघतेस?"

"उद्या सकाळी."

"मला सांगायचंस तरी."

बायको पलंगावर बसली. दम लागला होता तिला. "किती वर्षं सांगतेय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. शेठना वाटलं, चढला असता तर बरं झालं असतं.

"मीपण काढतो तिकीट," ते म्हणाले. "आत्ता जातो. रोख देऊन काढतो."

"नको. तुमचं ऑक्टोबरचं फुकट आहे ना. ते कशाला वाया घालवता?"

"आणि तुझं ऑक्टोबरचं?"

"त्या जागेवर शिडी ठेवा," बायको म्हणाली आणि बॅगेवरची धूळ पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी शेठ तिला विमानतळावर पोचवायला गेले. वाटेत गाडीवाल्याला त्यांनी रोख पैसे दिले. सुट्टे परत घ्यायचं त्यांना सुचलंच नाही. ती आत गेली, काचेपलीकडून तिनं एकदा हात हलवला, आणि एवढी वर्षं ज्या क्षणाची चित्रं त्यांनी रंगवली होती त्या क्षणी ते बाहेर उभे होते. घरी येऊन त्यांनी शिडीची घडी घातली. पॉइंट बघितले नाहीत.

संध्याकाळी तिचा फोन आला. पोचली होती. प्रवास चांगला झाला, खिडकीजवळची जागा होती, ढग खालून जातात. ती थांबून थांबून बोलत होती.

"ताईंनी ओळखलं?" शेठनी विचारलं.

"मी पोचल्यापासून मला सोडत नाहीयेत. हात धरून बसल्यात. सुनेला म्हणाल्या, ही नवीन बाई फार मायाळू आहे, हिला ठेवून घ्या." बायकोचा आवाज जरा हलला. "ऐका. फोन स्पीकरवर टाकते. ताई, मघाशी मला काय सांगत होतीस? सांग ना परत. तुझ्याकडे कोण येणार आहे?"

पलीकडे जरा खुडबुड झाली. मग ताईंचा आवाज अगदी जवळून आला, खुशीतला, आळीभर बातमी सांगताना असायचा तसा.

"माझी धाकटी बहीण येणार आहे बाई, विमानानं! तिचे मिस्टर फार हुशार आहेत. ते पॉइंट जमवतायत."

शेठनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"तू जाऊ नकोस हं तोवर," ताई समोर बसलेल्या बहिणीला म्हणाल्या. "भेटवते तुला तिला. थोडेच राहिलेत म्हणे."